शेतात मांडूळ सापडलं, पुतण्या म्हणतो ‘पार्टी’ तयार आहे. काय करू?

केळीवाला, चोपडा

राम राम मंडळी. विषय तातडीचा आहे म्हणून थेट लिहितो.

काल संध्याकाळी जुन्या कांदेबागेतली (केळीच्या बागेतली) खोडं काढताना आमच्या सालदाराला, म्हणजे सालाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, मातीत मांडूळ सापडलं. तांबूस रंग, मनगटाएवढी जाडी, शेपटी तोंडासारखीच बोथट. चावायला धावलं नाही, नुसतं वेटोळं करून डोकं खाली दडवत होतं. मी शेतावर असतो तर तिथल्या तिथे बांधाकडे सोडायला लावलं असतं. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे मांडुळाला हात लावायचा नाही असा शिरस्ता आहे. उंदीर खातं, एवढं कारण आम्हाला पुरे. पण मी जळगावला बँकेच्या कामाला गेलो होतो आणि शेतावर पुतण्या होता. त्याने ते प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये टाकलं, व्हिडिओ काढला आणि कुठल्याशा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवला. तासाभरात फोन सुरू झाले.

एक माणूस हिंदीत बोलत होता, मध्य प्रदेशातल्या सेंधव्याहून बोलतोय म्हणाला. वजन किती? अडीच किलोच्या वर असेल तर रेट वेगळा. काट्यावर ठेवून व्हिडिओ पाठवा, शेजारी आजचा पेपर दिसला पाहिजे. पार्टी मुंबईची आहे, माल बाहेरदेशी जातो. आकडा त्याने लाखांत सांगितला. मग हळूच म्हणाला की ‘टेस्टिंग’ला माणूस पाठवतो, त्याच्या गाडीखर्चाचे पंधरा हजार आधी टाका.

पुतण्याच्या डोळ्यांपुढे आत्ताच ट्रॅक्टर उभा आहे. त्याच्यावर मी ओरडू शकतो. सालदाराचं काय करू? दोन मुली लग्नाच्या आहेत, गेल्या वर्षीची उचल अजून फिटलेली नाही. रात्री ओट्यावर येऊन बसला आणि खाली बघत म्हणाला, “भाऊ, मन्हा वाटा कितला राही?” मला उत्तर देता आलं नाही.

विकायचं नाही हे माझं ठरलं आहे. पण खरंच या सापाला कोणी लाखो रुपये देतं का, हे मला या दोघांना पटेल असं सांगता आलं पाहिजे. आणि वनखात्याला कळवलं तर सालदार आणि पोरगा अडकतील का? का आज रात्रीच गुपचूप सोडून देऊ?

सर्पमित्र, जळगाव

दादा, आधी सापाचं बघा. ड्रम उन्हात नको, झाकणाला भोकं हवीत, तळाशी वीतभर कोरडी भुसभुशीत माती टाका म्हणजे ते आत शिरून शांत बसेल. खायला काही घालू नका, तोंडात पाणी ओतू नका, बघायला येणाऱ्यांच्या हातात देऊ नका. बिनविषारी आहे, पण हाताळून हाताळून असे साप मरतात.

वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६, टोल फ्री आहे. तिथे लावा किंवा थेट तुमच्या बीटच्या गार्डला, म्हणजे तुमच्या भागाच्या वनरक्षकाला, गाठा. गुपचूप सोडू नका. व्हिडिओ बाहेर गेला आहे, उद्या कोणी चौकशीला आलं तर साप कुठे गेला याचं तुमच्याकडे काय उत्तर असेल? गार्डसमोर पंचनामा होऊन त्याच शिवारात सोडलेला बरा. लांब नेऊन सोडलेल्या सापाला बीळ, भक्ष्य, आसरा सगळं नव्याने शोधावं लागतं, त्यात बरेच दगावतात.

एक इशारा सगळ्यांनाच. मांडुळाच्या नादाने पोरं बांध उकरत फिरतात. डुरक्या घोणस मांडुळाच्याच कुळातली, निरुपद्रवी. पण खरी विषारी घोणस आणि ती पटकन बघणाऱ्याला सारखीच वाटतात. ‘छोटं मांडूळ’ म्हणून घोणशीवर हात घातला तर दवाखाना गाठेपर्यंतसुद्धा उशीर झालेला असू शकतो.

शिरपूरकर

सगळे उपदेश करतील, मी स्पष्ट बोलतो. जंगल सरकारचं, साप सरकारचा. मग उंदरांनी आणि रानडुकरांनी खाल्लेला माल कोणाचा? नुकसानभरपाईसाठी चकरा आम्हीच मारायच्या. त्या सालदाराला वर्षभर राबून जे मिळतं त्याच्या कितीतरी पट एका रात्रीत मिळत असेल तर त्याने का सोडावं? एक साप गेल्याने सातपुडा ओसाड पडणार नाही.

आबा, निवृत्त वनपाल, यावल

वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो, सगळी नोकरी सातपुड्याच्या पायथ्याला. शिरपूरच्या भाऊंचा प्रश्न आधी घेतो, कारण सालदाराच्या मनातही तोच आहे.

गरिबाच्या हातात खरंच पैसा पडत असता तर तुमच्याशी वाद घालणं मला जड गेलं असतं. पडत नाही. मांडुळाच्या धंद्यातलं शेवटचं गिऱ्हाईक, म्हणजे साप घेऊन रोख मोजणारा माणूस, मी एकदाही बघितला नाही. बघितले ते सगळे मधले. गावातला पकडणारा, त्याला हेरणारा पोरगा, टेस्टिंगवाला, गाडीवाला, पार्टीचा ‘खास माणूस’. प्रत्येकजण पुढच्याच्या भरवशावर मागच्याला आशा लावतो आणि जमेल तिथे टोकन, गाडीखर्च, टेस्टिंग फी उकळतो. फोनवर ‘डबल इंजिन’ म्हणायचं, साप म्हणायचं नाही. पुढे गुप्तधन काढून देणारे, पैशांचा पाऊस पाडणारे, असाध्य रोगावर औषध करतो म्हणणारे भोंदू असतात. या सापाने धन सापडत नाही आणि कुठला रोग बरा होत नाही. अशा बुवाबाजीसाठी राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तोही यात लागू शकतो.

ही काही आपल्याच गावची गोष्ट नाही. वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया या संस्थेने २०१६ ते २०२१ या काळातल्या मांडूळ पकडल्याच्या बातम्या गोळा केल्या. देशभरात १७२ प्रकरणं निघाली आणि सगळ्यात जास्त, ५९, आपल्या महाराष्ट्रात. एकट्या २०२१ मध्ये मांडुळाच्या विक्रीची जाहिरात करणारे सुमारे २०० व्हिडिओ यूट्यूबवर आढळले. तुमच्या पुतण्याने जो ग्रुप धरला तो या व्हिडिओंच्या खालूनच वाढलेला असतो.

एक प्रकरण सांगतो. नावं, गावं सांगत नाही. महामार्गावरच्या एका ढाब्यामागे आम्ही बनावट गिऱ्हाईक पाठवून पाच जणांना पकडलं. साप बाजाराच्या कापडी थैलीत, थैली सीटखाली. बाहेर काढला तेव्हा कळलं की त्याच्या शेपटीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तापलेल्या तारेने डाग दिलेत, डोळे वाटावेत म्हणून. खाली ब्लेडने आडवी चीर, तोंड वाटावं म्हणून. दुतोंड्या असला की भाव जास्त. ती चीर पिकलेली होती, तिच्यात थैलीचे दोरे चिकटले होते. पोट मधोमध हाताला कडक लागत होतं. पशुवैद्यकाने तपासलं तर आत लोखंडी छर्रे. वजन भरावं म्हणून तोंडातून कोंबलेले. पंचनामा मी लिहिला. लांबी, घेर, वजन, आणि वजनापुढे कंसात ‘छऱ्यांसह’. जिवंत मुद्देमाल असल्याने तो सोडायला कोर्टाची परवानगी लागते. परवानगीचा कागद आला, पण त्याच्या आधीच साप गेला.

आणि माणसांचं? पाचांतले तिघे शेतमजूर होते. एकाच्या बायकोने जामिनासाठी शेळ्या विकल्या, पदरात लेकरू घेऊन ती आमच्या ऑफिसच्या पायरीवर बसलेली असायची. ज्याने फोनवर सौदा ठरवला तो हाती लागला नाही. सिमकार्ड भलत्याच्याच नावावर निघालं. शिरपूरकर भाऊ, एका रात्रीत जास्त पैसा म्हणता ना, तो त्या तिघांपैकी कोणालाही दिसला नाही. तुमचा राग भरपाईच्या चकरांवर आहे आणि तो राग रास्त आहे. मीही त्या फायली हाताळल्यात, कागद किती फिरतो ते मला ठाऊक आहे. त्याबद्दल भांडा, मी तुमच्या बरोबर येतो. पण त्याचा हिशेब या सापावर फेडू नका. उंदीर खाणारा तोच आहे.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. शिकार या शब्दात नुसतं मारणं नाही, पकडणं, फासे लावणं, तसा प्रयत्न करणं हेही येतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि दंड वाढले. साध्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण दिलेल्या, प्राण्याच्या बाबतीत कैद किमान ३ आणि कमाल ७ वर्षं, दंड २५ हजारांच्या खाली नाही. पण तुमच्या कामाचं आहे ते कलम ३९. वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता, आणि ती कशीही तुमच्या ताब्यात आली तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं. काल संध्याकाळपासून मोजा. तुमच्या हातात वेळ आहे, पण फार नाही. खोडं काढताना सापडलं आणि मुदतीत कळवलं, हे सरळ सांगायचं. कळवणाऱ्याला आरोपी करून कुठल्या रेंजरला काय मिळणार? उलट तसं झालं तर पुढच्या वेळी गावातून खबर येणं बंद होतं, हे आम्हा सगळ्यांना नीट कळतं. मात्र काट्यावर ठेवलेला व्हिडिओ गेला, टोकन घेतलं किंवा दिलं, तर ते सापडणं राहत नाही. तो सौदा होतो.

मांडुळावर लिहितोच आहे तर खवल्या मांजराबद्दल न लिहून मला राहवणार नाही. सातपुड्यात ते आहे, रात्री फिरतं म्हणून फार कोणी बघितलेलं नसतं. तोंडात दात नाहीत. लांब जिभेने मुंग्या आणि वाळवी खातं. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं आणि ती त्याला शेपटीवर बसवून हिंडवते. धोका दिसला की अंगाचा गोळा करून बसतं. बिबट्याच्या दातांना तो गोळा उलगडत नाही, माणूस मात्र तो तसाच उचलून पोत्यात घालतो. त्याला पळता येत नाही, चावता येत नाही. मला या जनावराइतकी कणव दुसऱ्या कशाची आली नाही. लोकांना हवे असतात खवले, आणि खवले म्हणजे आपली नखं ज्या केराटिनची असतात तेच. आशियातली खवल्या मांजरं कमी झाली तशी धाड आफ्रिकेवर पडली. एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूरच्या बंदरात नायजेरियाहून व्हिएतनामला निघालेले दोन कंटेनर आठवडाभराच्या आत पकडले, मिळून २५ टनांहून जास्त खवले. सायटिस या आंतरराष्ट्रीय करारात २०१६ साली आठही जातींचा व्यापार बंद करायचं ठरलं, चीनने २०२० साली आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवले काढले, तरी चोरटी मागणी सुरूच आहे. त्या मागणीचा एक धागा आपल्या पाड्यांपर्यंत येतो. तिथे जनावर उकरून देणाऱ्याला किराणा भरेल एवढे पैसे मिळतात.

इथे कोणी ‘अमुक जमातीचे लोकच शिकारी’ असं लिहायच्या आधीच सांगतो, लिहू नका. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, लोकांच्या डोक्यातून अजून जायचा आहे. मला मिळालेल्या चांगल्या खबरी पाड्यांवरच्या माणसांनी दिल्या. रात्री चालत येऊन, स्वतःचं नाव धोक्यात घालून दिल्या.

चोपड्याच्या भाऊ, सालदाराला त्याच्याच बोलीत सांगा: या सौदामा तुन्हा वाटा जेलना शे.

शहादेकर

आबांनी सगळं सांगितलं. मी पक्ष्यांचा माणूस, त्यामुळे आपल्याच खानदेशातली एक चोरी इथे नोंदवतो. वन्यजीवांची चोरी किती लांबवर नुकसान करते ते त्यातून कळतं.

रान पिंगळा. ठिपके कमी, डोकं करडं-तपकिरी, भरदिवसा उघड्या फांदीवर बसणारं छोटं घुबड. जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशातून त्याचे काही नमुने गोळा केले, ते लंडनच्या संग्रहालयात गेले. नंतर शंभराहून जास्त वर्षं तो कोणाला दिसला नाही, नामशेष झाला असं बहुतेकांनी धरलं. मधला एकच पुरावा होता. रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश कर्नलने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ एक मारल्याचं सांगितलं होतं. तो नमुना पुढे पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासला तेव्हा उघड झालं की हा पक्षी मुळात डेव्हिडसनचाच. संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला, वर खोटी चिठ्ठी लावलेला. म्हणजे आपल्या रानातून गेलेला पक्षी पुन्हा एकदा चोरीला गेला आणि त्याचा पत्ताही खोटा लिहिला गेला. असा खोटा पत्ता असला की शोधणारे भलत्या रानात हिंडतात. रासमुसेन यांनी तो बाजूला ठेवला, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळच्या जंगलात बेन किंग, डेव्हिड अ‍ॅबट आणि त्यांना रान पिंगळा जिवंत दिसला.

मला हे अभिमानाने सांगता येतं, आणि लगेच काळजीही वाटते. दिवाळीच्या आसपास, लक्ष्मीपूजनाच्या नावाखाली, देशात ठिकठिकाणी घुबडांचे बळी जातात. पकडणाऱ्याला साधा पिंगळा आणि रान पिंगळा यातला फरक कळत नाही, कळून घ्यायचाही नसतो. म्हणून हात जोडून विनंती: तोरणमाळ, यावल, कुठेही घुबडाची ढोली सापडली तर फोटोसोबत जागा टाकू नका. फोटोतली लोकेशनची सेटिंगसुद्धा बंद करा. ‘अमुक धरणाच्या भिंतीपासून डावीकडे’ असं लिहिणारे हौशी लोक मी बघितलेत, त्यांच्या मनात काही वाईट नसतं, पण वाचणारे सगळेच हौशी नसतात.

भुसावळ जंक्शन

मी रेल्वेत आहे, प्लॅटफॉर्मवरचंच काम. आपलं भुसावळ असं ठिकाण आहे की मुंबई, नागपूर, इटारसी, सुरत, सगळीकडच्या गाड्यांचा इथे संबंध येतो. त्यामुळे माल खानदेशातला नसला तरी खानदेशातून जातो.

स्टार कासवं बघितली आहेत का कोणी? डोकं-पाय कवचात ढकलून वरून चिकटपट्टी गुंडाळतात आणि मोज्यांत कोंबून बॅगेत एकावर एक रचतात, म्हणजे हलायला नको, आवाज नको. घरात कासव ठेवलं की बरकत येते म्हणून घेणारे आपल्यातलेच असतात. २०१९ मध्ये सायटिसने त्यालाही सगळ्यात कडक यादीत घातलं.

पोपटांचा हंगाम थंडी सरता सरता. ढोलीतून काढलेली, अंगावर पिसंही धड नसलेली पिल्लं टोपलीत घालतात, वरून ओलं फडकं. आपल्या देशी पोपटांचा व्यापार १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बंद आहे, तरी आठवडे बाजारात कंठवाला पोपट मागा, कोणीतरी कोपऱ्यात नेऊन दाखवेलच. घरोघरी पिंजरे असल्यामुळे लोकांना तो गुन्हा वाटतच नाही.

गाडीत भोकं पाडलेली बॅग, झाकलेली टोपली, वास, खुडबूड असं काही जाणवलं तर त्या माणसाशी हुज्जत घालू नका. १३९ या रेल्वेच्या हेल्पलाइनवर फोन करा, डबा आणि बर्थ सांगा, पुढच्या स्टेशनला आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) येते. त्यांची वन्यजीव तस्करीसाठी ‘ऑपरेशन वायलेप’ नावाची वेगळी मोहीम आहे. उघडायचं काम त्यांचं.

केळीवाला, चोपडा

सगळ्यांचे आभार. आबांचा मजकूर मी काल पुतण्याला मोठ्याने वाचून दाखवला. छऱ्यांपर्यंत आलो तेव्हा सालदार उठून ड्रमकडे गेला आणि झाकण सरकवून बघून आला. लाख-दोन लाखांचं बोलणं त्यानंतर घरात निघालं नाही.

आज सकाळी १९२६ वर फोन केला. दुपारी गार्ड आणि वनपाल आले. सालदाराचा जबाब घेतला, कुठे सापडलं ती जागा बघितली, मोजमाप केलं. साप आधी ऑफिसला नेला, सायंकाळी रेंजर साहेबांच्या सांगण्यावरून आमच्याच शिवारात नाल्याकडच्या बाजूला सोडला. त्यांनी कोणाला दमदाटी केली नाही. सालदाराला साहेब म्हणाले, पुढच्या वेळी दिसलं तर हातच लावू नका, खोड तेवढं दुसऱ्या बाजूने काढा. सालदाराच्या उचलीचं मी माझ्या पातळीवर बघतो, तो आमच्या दोघांतला विषय आहे.

आता नवीन अडचण. सेंधव्यावाला अजून फोन करतो आहे. साप खात्याकडे गेला सांगितलं तर म्हणतो दुसरा शोधा, आणि नाही दिला तर पोराचा व्हिडिओ पोलिसांना पाठवतो. पुतण्या घाबरला आहे, आणि त्याच्या मित्रांच्या डोक्यात आलं आहे की आपणच गिऱ्हाईक बनून त्याला बोलवायचं आणि धरायचं.

आबा, निवृत्त वनपाल, यावल

मित्रांना घरी बसवा. बनावट गिऱ्हाईक हे सरकारी कर्मचाऱ्यांचं काम, पंच बरोबर घेऊन, वरिष्ठांना आधी कळवून करायचं. पोरांनी ते केलं तर मारामारी होईल, नाहीतर धाड पडली तेव्हा आरोपीच्या रांगेत तीच उभी राहतील. मी हे होताना बघितलं आहे.

धमकीला भिऊ नका. साप खात्याने ताब्यात घेतल्याचा पंचनामा झालेला आहे, त्याची प्रत मागून घ्या. पुतण्याच्या फोनमधलं काहीही पुसू नका. नंबर, कॉलच्या वेळा, त्याने पाठवलेले मेसेज आणि इतर सापांचे फोटो, पैसे टाकायला दिलेला नंबर किंवा क्यूआर कोड, सगळं तसंच राहू द्या. ग्रुपमधून बाहेर पडायच्या आधी सदस्यांच्या यादीचे स्क्रीनशॉट घ्या. एक लेखी अर्ज रेंजर साहेबांच्या नावे, एक पोलीस ठाण्याला, दोन्हींवर पोच घ्या. माणूस मध्य प्रदेशातला असेल तर हद्दीचा प्रश्न येतो, म्हणून अर्जात तसं स्पष्ट लिहा आणि वाइल्डलाइफ क्राइम कंट्रोल ब्युरोला कळवावं अशी विनंती घाला. दोन राज्यांमधल्या प्रकरणांत त्यांची मदत होते, त्यांचं एक विभागीय कार्यालय मुंबईला आहे, एक जबलपूरला.

आणि ठाण्यात पोराला एकटं पाठवू नका. तुम्ही स्वतः जा, सालदाराला मात्र नेऊ नका. त्याचा जबाब झाला आहे, त्याची मजुरी बुडवायचं कारण नाही.